पात्रता ही पदवी नव्हे



दिवाळीचे वहीपूजन आटोपून आठ-दहा दिवस झाले होते. राहुरीच्या बाजारपेठेतील एक जुने कापड व्यापारी आपल्या मुलासह माझ्या कार्यालयात आले. हातात प्लास्टिकची फाइल होती. नव्या वर्षाची पहिली भेट म्हणून पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. आत गुळगुळीत कागदावर छापलेली वीस-बावीस पाने होती. शहरातील एक कंपनी अन्नप्रक्रियेचा मोठा प्रकल्प उभारणार होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘खासगी भागविक्री; केवळ निवडक परिवारांसाठी.’ किमान गुंतवणूक पंचवीस लाख रुपये.

हा प्रस्ताव त्यांच्याकडे त्यांच्या साडूंमार्फत आला होता. एकट्याने पंचवीस लाख घालणे त्यांच्यापैकी कोणालाच शक्य नव्हते. म्हणून त्यांचे दहा, साडूंचे आठ आणि आणखी एका व्याह्यांचे सात, असे पंचवीस लाख जुळवून सर्व समभाग साडूंच्या एकट्याच्या नावावर घ्यायचे ठरले होते. यांचे दहा लाख मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते. लग्न पुढील वैशाखात.

कंपनी चांगली आहे की वाईट, हे विचारायला ते आले नव्हते. त्यांचा प्रश्न एवढाच होता : “ही रक्कम वहीत कोणत्या खाती घालू?”

मी म्हणालो, “शेठजी, खाते नंतर शोधू. आधी हे निमंत्रण नेमके कोणाला आले आहे, ते पाहू.”

या महिन्याचे सदर त्या एका प्रश्नाभोवती लिहिले आहे. खासगी रीतीने विकल्या जाणाऱ्या समभागांत आणि कर्जरोख्यांत पैसे घालण्यास कोण पात्र असतो? ती पात्रता कायद्याने का ठरवली? आणि आपल्यासारख्या व्यापारी घराण्यांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

सार्वजनिक आणि खासगी

कंपनीला जनतेकडून भांडवल उभारायचे असेल तर तिला माहितीपत्रक प्रसिद्ध करावे लागते. नफातोटा, कर्जे, प्रवर्तकांवरील खटले, धंद्यातील धोके हे सारे त्यात उघड करावे लागते. सेबीची नजर त्यावर असते. हे काम खर्चाचे आणि वेळखाऊ असते. प्रत्येक लहान कंपनीला ते परवडणारे नाही. म्हणून कायद्याने दुसरी वाट ठेवली आहे. मोजक्या, आधी निश्चित केलेल्या व्यक्तींनाच भाग देऊ करायचे आणि माहितीपत्रकाच्या बंधनातून सूट घ्यायची. हीच खासगी भागविक्री.

पण सूट दिली की ती कोणासाठी, हा प्रश्न येतोच. ज्याला माहितीपत्रकाचे संरक्षण नसले तरी चालेल, असा मनुष्य कोणता? त्याची ओळख पटवण्याच्या तीन रीती जगात दिसतात. पहिली डोकी मोजण्याची, दुसरी संपत्ती मोजण्याची आणि तिसरी धंद्याशी असलेले नाते पाहण्याची.

डोकी मोजणे

आपल्या कंपनी कायद्याने, म्हणजे 2013 च्या कायद्याच्या कलम 42 ने, मुख्यतः पहिली रीत स्वीकारली आहे. एका आर्थिक वर्षात एका प्रकारचे रोखे जास्तीत जास्त 200 व्यक्तींनाच असे देऊ करता येतात. पात्र संस्थात्मक गुंतवणूकदार आणि समभाग योजनेतील कर्मचारी या मोजणीत धरले जात नाहीत. या व्यक्तींची नावे संचालक मंडळाने आधीच निश्चित केलेली असावी लागतात आणि भागधारकांनी विशेष ठराव केलेला असावा लागतो. प्रत्येकाला त्याच्या नावाने, अनुक्रमांक घातलेले प्रस्ताव-पत्र जाते. या नमुन्याला पीएएस-4 म्हणतात. ज्याच्या नावाने पत्र आहे त्यानेच भाग घ्यायचे. तो आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकत नाही. जाहिरात करता येत नाही, आणि लोकांना या विक्रीची खबर देण्यासाठी दलाल वा एजंट नेमता येत नाहीत.

पैशांविषयीचे नियमही तितकेच काटेकोर आहेत. रोख रक्कम चालत नाही. जो भाग घेतो त्याच्याच बँक खात्यातून पैसे गेले पाहिजेत. कंपनीने ते स्वतंत्र खात्यात ठेवायचे, 60 दिवसांत भागवाटप करायचे, आणि वाटप न झाल्यास पुढील 15 दिवसांत परत करायचे. त्यानंतर दर साल 12 टक्के व्याज लागते. वाटप झाल्यावर 15 दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-3 हे विवरण भरायचे. ते भरेपर्यंत कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही. नियम मोडल्यास उभारलेली रक्कम किंवा दोन कोटी रुपये, यांपैकी जी कमी असेल तेथवर दंड होऊ शकतो आणि सर्व पैसे व्याजासह परत करावे लागतात.

आता त्या फाइलकडे पुन्हा पाहू. पत्रावर अनुक्रमांक नव्हता. कोणाचे नाव नव्हते. साडूंना ते व्हॉट्सॲपवर आले होते, त्यांनी ते पुढे पाठवले, आणि मुलाने दुकानाशेजारी छापून आणले. ज्या पत्रावर नाव नाही ते पत्र ‘निवडक परिवारा’साठी कसे? त्या दिवशी राहुरीतच किती फोनमध्ये ते पडून असेल, याचा हिशेब कोणाजवळ होता?

तीन कोटींचा ‘मित्रपरिवार’

डोकी मोजण्याचा हा नियम आपल्याकडे किती महाग पडून शिकला गेला, हे सहारा प्रकरणातून कळते. 2000 साली जुन्या कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा अधिक व्यक्तींना केलेला प्रस्ताव सार्वजनिक मानला जाऊ लागला. तरीही सहारा समूहातील दोन कंपन्यांनी 2008 नंतर ऐच्छिक परिवर्तनीय कर्जरोखे काढले. त्यांतील एका कंपनीचे दस्तऐवज आपल्या महाराष्ट्राच्या कंपनी निबंधकाकडेच दाखल होते. हे रोखे मित्र, सहयोगी, समूहातील कंपन्या, कामगार-कर्मचारी आणि समूहाशी संबंध असलेल्या व्यक्तींनाच खासगी रीतीने दिले जात आहेत, असा कंपन्यांचा दावा होता. हा ‘मित्रपरिवार’ मोजला तेव्हा तो सुमारे तीन कोटींचा निघाला आणि रक्कम सुमारे 24 हजार कोटी रुपयांची.

सेबीने जून 2011 मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. 31 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती जे. एस. खेहर यांनी तो उचलून धरला आणि 15 टक्के व्याजासह परताव्याचा हुकूम दिला. नात्याचे नाव दिल्याने सार्वजनिक विक्री खासगी होत नाही, हा त्या निकालाचा आपल्यापुरता अर्थ.

पण मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे ते पुढच्या भागाकडे. निकाल गुंतवणूकदारांच्या बाजूने लागला. त्यानंतर साडेदहा वर्षांनी, 31 मार्च 2023 पर्यंत, सेबीकडे परताव्यासाठी वीस हजारांहूनही कमी अर्ज आले होते आणि सुमारे 138 कोटी रुपये परत गेले होते. पैसे न्यायालयाच्या आदेशाने जमा होते, तरी मागणारा माणूस पुढे येत नव्हता. कारणे कोणती, यावर मतभेद आहेत. आपल्याला त्यातून घ्यायचा धडा मात्र साधा आहे. खटला जिंकणे आणि पैसा घरी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी स्वतःच्या नावाचा कागद हाती असावा लागतो.

संपत्ती मोजणे

दुसरी रीत सेबीच्या नियमांत दिसते. पर्यायी गुंतवणूक निधीत, ज्याला एआयएफ म्हणतात, 2012 च्या नियमांनुसार सामान्यतः किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेची किमान मर्यादा 2020 पासून पन्नास लाख आहे. त्याआधी ती पंचवीस लाख होती. या आकड्यांमागील विचार असा की, एवढी रक्कम घालणारा मनुष्य सल्लागार नेमू शकतो, आणि ती बुडाली तरी त्याच्या घरातील चूल विझत नाही.

2021 मध्ये सेबीने आणखी एक वर्ग निर्माण केला : मान्यताप्राप्त गुंतवणूकदार. व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब, कौटुंबिक न्यास किंवा एकल मालकीची पेढी यांना पुढील तीनपैकी एक कसोटी पूर्ण करावी लागते. वार्षिक उत्पन्न किमान दोन कोटी. अथवा निव्वळ संपत्ती किमान साडेसात कोटी आणि तिच्यातील किमान पावणेचार कोटी आर्थिक मालमत्तेत. अथवा उत्पन्न किमान एक कोटी, निव्वळ संपत्ती किमान पाच कोटी आणि तिच्यातील अडीच कोटी आर्थिक मालमत्तेत. भागीदारी पेढी असेल तर प्रत्येक भागीदाराने स्वतंत्रपणे ही कसोटी उतरली पाहिजे. कंपनीसाठी निव्वळ संपत्ती पन्नास कोटींची हवी. ही मान्यता मिळालेल्यांना किमान रकमेच्या अटींत सवलत मिळते.

येथे आपल्या मंडळींचा नेहमी एक गोंधळ होतो. दुकानाची वार्षिक उलाढाल बारा कोटींची आहे, म्हणून उत्पन्न बारा कोटी नव्हे. उत्पन्न म्हणजे विवरणपत्रात दाखवलेला आकडा. दुसरे असे की, आपल्या तालुक्यातील संपत्ती बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत असते. पेठेतील तीन मजली इमारत, मुळा कालव्याखालची दहा एकर जमीन, गोदामातील माल, तिजोरीतील सोने. या सर्वांची बेरीज आठ कोटी भरेल, पण यांतील एकही वस्तू आर्थिक मालमत्ता नव्हे. बँकेतील ठेवी, समभाग, म्युच्युअल फंड, रोखे यांत पावणेचार कोटी असतील तरच दुसरी कसोटी पार होते. गावात ज्याला कोट्यधीश म्हणतात तो नियमाच्या दृष्टीने अपात्र ठरतो. आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. अडचणीच्या दिवशी जमीन विकायला वर्ष लागते, ठेव मोडायला एक दिवस पुरतो. नियम एवढेच विचारतो की तुमचा फटका सोसण्याचा दम किती रोकड आहे.

अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत नोकरीला आहेत. तेथेही 1982 पासून अशीच कसोटी आहे : वर्षाला दोन लाख डॉलर उत्पन्न किंवा दहा लाख डॉलरची निव्वळ संपत्ती. 2010 पासून स्वतःचे राहते घर त्या संपत्तीत धरता येत नाही. परदेशातील पुतण्या तेथे पात्र ठरतो म्हणून राहुरीतील काका येथे पात्र ठरत नाही, हेही लक्षात असावे.

नाते पाहणे

तिसरी रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते, आणि तिचे एक उदाहरण आपल्या शेजारीच घडले. 1948 साली लोणीजवळ प्रवरा परिसरातील शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली आणि 1950 मध्ये गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल जमवत होते आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ संस्थेचे पहिले अध्यक्ष होते. तेथे भाग कोणाला मिळे? ऊस पिकवणाऱ्याला. भाग घेणारा मनुष्य रोज कारखान्याचे धुराडे पाहत होता, वजनकाट्यावर स्वतः उभा राहत होता, आणि सर्वसाधारण सभेत अध्यक्षांना तोंडावर प्रश्न विचारू शकत होता. पुढे सहकाराचे जे बरेवाईट झाले ते वेगळे. पण भाग देताना घेणाऱ्याच्या आणि धंद्याच्या नात्याची चौकशी होत होती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1953 साली असाच विचार मांडला. राल्स्टन प्युरिना ही पशुखाद्य बनवणारी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना समभाग विकत असे आणि ही विक्री खासगी आहे असे म्हणत असे. घेणाऱ्यांत लघुलेखक होते, वीजतंत्री होते, पशुवैद्य होते, खाद्याची पोती भरून घेणारा मुकादम होता. न्यायालयाने म्हटले की, कंपनीत नोकरी असणे पुरेसे नाही. माहितीपत्रकात जी माहिती उघड झाली असती ती या माणसांच्या हाती होती का, आणि ते स्वतःचे हित स्वतः सांभाळण्यास समर्थ होते का, हे पाहिले पाहिजे. मुकादम आणि लघुलेखक यांच्याजवळ कंपनीचा ताळेबंद वाचण्याची सोय नव्हती. ती विक्री खासगी ठरली नाही.

कापड व्यापाऱ्यांना मी हेच विचारले. “तुम्ही इचलकरंजीचा माल घेताना ताणा-बाणा बोटांनी चाचपून पाहता. हा प्रकल्प पाहिला का? तीन वर्षांचे ताळेबंद मागितले का? कर्ज किती, ते ठाऊक आहे का?”

ते म्हणाले, “साडू सांगतात, माणसे आपल्यातलीच आहेत.”

आपल्यातलीच माणसे

आपल्या समाजात शब्दावर व्यवहार होतो. चिठ्ठीवर लाखाचा माल जातो आणि पैसे ठरल्या दिवशी येतात. ही आपली पिढ्यांची कमाई आहे, तिला मी कमी लेखणार नाही. पण मालाच्या उधारीत विश्वास ज्याच्यावर ठेवायचा तो माणूस समोर असतो. येथे साडूंचा विश्वास त्यांच्या मित्रावर, मित्राचा आणखी कोणावर, आणि त्या साखळीच्या टोकाला कंपनी. मधल्या कोणीही ताळेबंद वाचलेला नाही. सर्वांनी एकमेकांची तोंडे वाचली आहेत.

त्यातून रकमा एकत्र करून एकाच्या नावावर भाग घेण्याची युक्ती तर फारच घातक. कंपनीच्या दप्तरी भागधारक एकच, तो म्हणजे साडू. दहा लाख आणि सात लाख देणारे त्या कंपनीला ठाऊकच नाहीत. सभेची सूचना त्यांना येणार नाही, लाभांश त्यांना मिळणार नाही, आणि तक्रार करायला गेले तर ‘तुम्ही कोण?’ असा प्रश्न येईल. उद्या साडूंचे काही बरेवाईट झाले तर ते समभाग त्यांच्या वारसांकडे जातील. मग साडूंच्या मुलांशी हिशेब करत बसायचे. शिवाय पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, म्हणजे बेनामी व्यवहाराचा आक्षेप येऊ शकतो. सेबीने एआयएफमध्ये संयुक्त गुंतवणुकीला जी मोकळीक दिली आहे तीही पती-पत्नी, किंवा पालक आणि मुलगा वा मुलगी, अशा दोघांपुरतीच. साडू-व्याही त्यात बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. खासगी कंपनीचे समभाग बाजारात विकता येत नाहीत. तिच्या नियमावलीतच हस्तांतरावर बंधन असते. म्हणजे वैशाखात पैसे लागले तर ते काढणार कसे? आपल्या जिल्ह्याने नगर अर्बन बँकेचे उदाहरण पाहिले आहे. 1910 साली स्थापन झालेल्या त्या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. तेथे निदान ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे छत्र होते. समभागाला असे कोणतेही छत्र नाही. भागधारक हा मालक असतो, आणि बुडत्या धंद्यात मालकाचा नंबर शेवटी लागतो. म्हणूनच समभागावर ‘दरमहा हमखास दीड टक्का’ असे कोणी म्हणत असेल तर तो एक तर समभाग विकत नाही किंवा खरे बोलत नाही.

पैसे देण्यापूर्वी

असा प्रस्ताव कोणाकडे आल्यास पुढील गोष्टी आधी पाहाव्यात.

1. प्रस्ताव-पत्रावर आपले नाव आणि अनुक्रमांक आहे का? नसेल तर ते आपल्याला आलेलेच नाही.
2. पैसे आपल्या स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या त्याकरिता उघडलेल्या खात्यात जात आहेत का? व्यक्तीच्या खात्यात किंवा रोखीने मागितल्यास तेथेच थांबावे.
3. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्कात कंपनीचे ताळेबंद, कर्जाच्या नोंदी आणि पूर्वीची भागवाटपाची विवरणे पाहता येतात. ती पाहिली का?
4. समभाग डीमॅट खात्यात येणार आहेत का, आणि केव्हा?
5. पाच-सात वर्षे ही रक्कम परत आली नाही, किंवा मुळीच आली नाही, तर घरातील कोणते काम अडेल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणताही कायदा देऊ शकत नाही. सेबीची कसोटी आपली संपत्ती मोजते, त्या संपत्तीवर कोणाकोणाची आशा आहे ते मोजत नाही. आपल्या श्रावकाचारात परिग्रहाचे परिमाण ज्याचे त्याने ठरवायचे असते. जोखमीचे परिमाणही तसेच ज्याचे त्याने ठरवावे. एखादा मनुष्य नियमाने पात्र असेल आणि तरी त्याने नाही म्हणणे शहाणपणाचे असेल. पात्रता ही बिरुदासारखी मिरवण्याची वस्तू नव्हे. तुम्ही कायद्याच्या छत्राबाहेर उभे राहण्यास राजी आहात, याची ती नोंद आहे.

सर्व ऐकून झाल्यावर शेठजी काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “हे सगळे ठीक. पण साडूंना काय सांगू? त्यांना वाटेल, माझा विश्वास नाही.”

खरी अडचण तेथेच होती. आपल्याकडे बहुतेक पैसा लोभापेक्षा भिडेपोटी जातो. मी म्हणालो, “नाही म्हणूच नका. फक्त सांगा की आमच्या वकील-हिशेबनिसाच्या म्हणण्याप्रमाणे पत्र माझ्या नावाने लागते. कंपनीकडून माझ्या नावाचे, नंबर घातलेले पत्र मागवून द्या, मग विचार करतो. दोष माझ्यावर घाला.”

त्यांनी तसे सांगितले. पत्र आजवर आलेले नाही. साडूंनी आपले आठ लाख मात्र घातले, आणि मधल्या एका मंगलकार्यात दोघांचे बोलणे जरा तुटकच झाले, असे मुलाने मला सांगितले. ती कंपनी बुडेल असे मी म्हणत नाही. कदाचित ती नावारूपालाही येईल आणि साडू हसतील. तसे झाले तर मला आनंदच आहे. पण लग्नाचे दहा लाख आज मुदत ठेवीत आहेत, पावती मुलीच्या वडिलांच्या नावावर आहे आणि मुदत चैत्रअखेर संपते.

पेढ्यांच्या पुड्याबद्दल आभार मानायचे त्या दिवशी राहून गेले. ते येथे मानतो.